नवं बॅरल

खंडेनवमी, शुक्रवार. रोटोटुना, न्यूझीलंड.

आज पूजेत माझी रायफल मांडली, तर धाकटा दीर समीर म्हणाला, "वहिनी, चांगली मोठ्या गोळीची थ्री-ओ-एट होती! बॅरल, अख्खी नळी, बदलून बारक्या गोळीची टू-फोर-थ्री करून आणलीस? त्यात एका वेळी गोळी एकच. लेडीज मॉडेल झालं हे." सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

त्याला काय माहीत! जुन्या बॅरलचा दणका खांद्याला असा बसायचा की चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. एप्रिलच्या शिकारीतही मिटले, आणि हरिणी जखमी होऊन फर्नच्या जाळीत शिरली. अंधार पडेपर्यंत शोधली. सापडली नाही.

म्हणून बदललं. बंदुका दुरुस्त करणारा गनस्मिथसुद्धा आधी नवऱ्याकडे बघूनच बोलत होता. "बंदूक माझी आहे," म्हटलं, तेव्हा वळला.

मग आज पूजेतच कपाटातून जुनं बॅरलही काढलं, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

"याला कशाला?" समीर.

"त्या हरिणीसाठी."

या वेळी कोणी हसलं नाही.

उद्या दसरा. सीमोल्लंघनाला डोंगरात शिकारीला जाणार आहे मी. गोळी लहान, तीही एकच. आणि डोळे सताड उघडे.