मशेरीचा तवा

माय, आज तुझा तवा माझ्याकडे परत आला. शेजारच्या अक्कांनी आणून दिला. मी चौथीत असताना तू गेलीस, तेव्हा तो त्यांच्या घरी गेला, कारण गल्लीसाठी मशेरी भाजणारं कुणीतरी हवंच होतं. तू मला आठवतेस ती त्या तव्यापाशीच. पिंप्राळ्याच्या आपल्या खोलीबाहेर चूल पेटली आहे, तंबाखू काळी पडेपर्यंत तू हलवतेस, धुरानं मला ठसका लागतो आणि तू म्हणतेस, "लांब बस रे." मग बाया ओट्यावर येतात, तळहातावर चिमूट घेतात, दात घासता घासता हसतात. तुझं तोंड आलं तेव्हाही तू मशेरीच लावायचीस. दुखायचं थांबतं म्हणायचीस. ते दुखणं कसलं आहे, हे सांगणारं गल्लीत कुणी नव्हतं.

आता सांगणारा मी आहे. माझी शाळा नववीत सुटली. पण दवाखान्यातल्या ताईंनी तंबाखू सोडवायच्या कामासाठी वस्तीतल्याच माणसांना शिकवून तयार करायचं ठरवलं आणि मला घेतलं. बुद्धविहारात मी पहिली बैठक घेतली. सडलेल्या तोंडांची चित्रं दाखवली, तर बायांनी पदर तोंडाला लावले. एक म्हणाली, "पंचशीलमा मशेरीनं नाव कोठे शे, दखाड बरं!" सगळ्या हसल्या. अक्का हसल्या नाहीत. तपासणीत त्यांच्या गालाच्या आत पांढरा डाग निघाला होता, कॅन्सरच्या आधी येतो तसा. तुझ्या तोंडात कुणी पाहिलंच नव्हतं.

मी रोज त्यांच्या दारी जायचो. एकदा त्या चिडल्या. "मशेरी सोडी देसू रे पोऱ्या, पन मंग सकायले बसानं कोठे?" ओट्यावरचा तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता, आणि ते माझ्या कुठल्याच चित्रात नव्हतं.

उत्तर त्यांनीच काढलं. त्याच ओट्यावर, त्याच वेळी, त्याच तव्यावर त्यांनी बडीशेप आणि ओवा भाजला. पण तवा वर्षानुवर्षं तंबाखू प्यालेला! चिमूट तोंडात टाकताच बाया ओरडल्या, "अक्का, हाई ते मशेरीच शे!" हसून लोळल्या, आणि दोघींना तर तलफच आली. राखेनं घासघासूनही वास जाईना. शेवटी अक्कांनी नवा तवा आणला. त्यांची मशेरी सुटली, तशी हळूहळू गल्लीचीही सुटू लागली.

काल चोपड्याकडच्या बाया विहारात शिकायला आल्या होत्या. अक्का हातात चित्र न घेताच उभ्या राहिल्या. मोबाइलची बॅटरी लावून गालाशी धरली आणि सगळ्यांसमोर तोंड उघडलं. "देखा," एवढंच म्हणाल्या. एकेक बाई उठली, वाकून पाहू लागली, मग शेजारणीला आपलं तोंड दाखवू लागली. माय, वंदनेच्या वेळीही विहार इतका शांत नसतो. ज्या तोंडांवर पदर असायचे, ती सगळी उघडी होती. डॉक्टर म्हणतात, अक्कांचा डाग वाढलेला नाही; पुन्हा दाखवायला जायचं आहे.

तवा देताना त्या म्हणाल्या, "तुन्ही मायना शे. भंगारमा टाकाले मन व्हयनं नही." मी तो खाटेखाली ठेवला आहे. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू, म्हणून त्यातच ठेवतो. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. एक सांगायचं राहिलं. घरोघरी मशेरी सोडा म्हणत फिरणारा मी, मघाशी दार लावून तो तवा नाकाशी धरून बसलो होतो. तुझा वास अजून गेलेला नाही.