हाताच्या टप्प्याबाहेर

मी, खाली सही करणारी, नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त आणि सध्या इंजिनिअरिंगच्या संध्याकाळच्या पदवी वर्गाची विद्यार्थिनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर थकले आहे, डोके शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही; लेक तर हे लिहूच नको म्हणत होती.

१. राहते घर सामानासह लेकीला मिळावे. मात्र मागची खोली माझ्या धाकट्या दिरांना हयातभर राहायला द्यावी, भाडे घेऊ नये. ते नको म्हणतील. त्याचे कारण लेकीला अर्धेच माहीत आहे, म्हणून येथे लिहिते.

माझे यजमान आणि दीर मिळून लिफ्ट दुरुस्तीची कामे करायचे. एका गोदामात मालाच्या लिफ्टचे काम चालू असताना दोर तुटला. यजमान लिफ्टच्या पाळण्यात, म्हणजे माल ठेवायच्या पिंजऱ्यात होते, दीर वरच्या मजल्यावर उघड्या दाराशी. यजमान वाचले नाहीत. त्यानंतर दिरांनी तो धंदाच सोडला, रखवालदारी धरली आणि आमच्याकडे जेवायला बसणे बंद केले. मी कितीदा म्हटले, "भाऊजी, तुमची काही चूक नव्हती." त्यांचे उत्तर ठरलेले, "वहिनी, तुम्हाला काय माहीत?"

मला खरेच माहीत नव्हते. लेक नोकरीला लागल्यावर मी कॉलेजात नाव घातले. वर्गातली मुले मला काकू म्हणत आणि पहिला बाक माझ्यासाठी सोडत, म्हणजे मागचे त्यांना मोकळे. स्थिर वस्तूंची गणिते जमली. डायनॅमिक्स, म्हणजे हलत्या वस्तूंची गणिते सुरू झाली आणि माझी भंबेरी उडाली. दर उदाहरणात काहीतरी पडत होते आणि पुस्तक शांतपणे विचारत होते, किती वेळात? मी उठून बाहेर जायचे. शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा व्हरांड्यात गाठले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचंच उदाहरण मांडू या. आकृती तुम्ही काढा."

काढली. पाळणा, दार, दिरांच्या हाताची लांबी. डोळ्यांना दिसून हात हलेपर्यंतच पाळणा टप्प्याबाहेर गेलेला होता. मी पुन्हा पुन्हा तपासले. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे."

ते कागद घेऊन मी दिरांच्या चौकीवर गेले आणि सगळे समजावून सांगितले. त्यांनी कागद शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाले, "हात पोचला नसता, हे मला तेव्हाच कळलं होतं, वहिनी. पण मी तो पुढे केलाच नाही. मी मागे सरलो."

त्यावर माझ्याकडे गणित नव्हते. इतकी वर्षे मी भलताच प्रश्न सोडवत होते, ही खंत माझ्याबरोबर जाईल. त्यांनी चहा मागवला, आम्ही प्यायलो. पुढच्या रविवारी ते घरी जेवायला आले. का आले, ते मी विचारले नाही.

२. यजमानांची हत्यारांची पेटी दिरांची. हत्यारे वापरायची नसतील तर त्यांनी ती खुशाल कोणाला द्यावीत.

३. बँकेत असेल ते लेकीचे.

४. गोदामाच्या मालकाने चौकशीत "माणसांनीच घाई केली" असे सांगितले. दोर झिजला आहे, हे यजमानांनी त्याला आधीच सांगितले होते. मी स्वतः ऐकले आहे. त्या गृहस्थाला माझ्या अंत्यदर्शनाला येऊ देऊ नये. हार पाठवला तर परत करावा.

५. पुस्तके आणि कॅल्क्युलेटर कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावीत. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसू नयेत, कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

६. डायनॅमिक्सचा पेपर राहिला. दुखण्याने परीक्षेला बसू दिले नाही. पास झाले असते की नाही, सांगता येत नाही. कंपनांचा धडा कच्चाच होता. पण मला पास व्हायचे होते. दिरांसाठी नव्हे, ते कारण चौकीवरच संपले. मला तो विषय आवडू लागला होता. कोणी विचारले तर लेकीने 'आई हौस म्हणून शिकत होती' असे सांगू नये. आई शिकत होती, एवढेच सांगावे.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळची खाट
दिनांक: सोळा, मंगळवार

सही (अक्षर वाकडे आले, सही माझीच आहे)

आमच्या समक्ष सही झाली:
१. घरचे डॉक्टर. आज तपासले, त्या पूर्ण भानावर आहेत. (सही)
२. डायनॅमिक्स शिकवणाऱ्या मॅडम. (सही)