पिस्तूल आणि सुई

॥ श्री ॥
पोलीस प्रशिक्षण केंद्र, नाशिक
८ डिसेंबर २००२

ती. पुतळाआत्यास उज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, आधीच कान धरते. कानसुद्धा एकच धरता येतोय, कारण डाव्या अंगठ्याला पट्टी आहे. दादांना लगेच सांगत बसू नकोस. आधी पुढचं वाच.

सोमवारी आम्हाला नवं पिस्तूल मिळालं. आजवर आमच्या हातात जुनं रिव्हॉल्व्हर होतं, फिरत्या चक्राचं, सहा गोळ्यांचं. हे अर्धस्वयंचलित. एक गोळी सुटली की रिकामी पुंगळी आपोआप बाहेर उडते आणि पुढची गोळी आपली आपण नळीत चढते. चाप मात्र दर गोळीला आपणच ओढायचा. वजन म्हणशील तर मिठाच्या पुडीएवढं. खोक्यातून काढलं तेव्हा ग्रीसने असं माखलेलं होतं की पुसता पुसता माझा टॉवेल कायमचा कामातून गेला.

पहिल्या दिवशी तर मला त्याचा वरचा भाग मागे ओढताच येईना. त्याला स्लाइड म्हणतात. आम्हाला पिस्तूल शिकवणारे उस्ताद कारभारी मिशीत हसले आणि म्हणाले की विहिरीचा दोर ओढणाऱ्या मुलीला हे जड जात असेल तर कमाल आहे. मग काय, आलाच राग. दात खाऊन ओढली ती खटकन मागे आली. गोळी झाडताना मात्र शहाणपणा केला. पकड घट्ट व्हावी म्हणून डावा अंगठा मागून आडवा घातला. गोळी सुटली, स्लाइड जोरात मागे आली आणि अंगठ्याचं साल घेऊन गेली. वर गरम पुंगळी उडून कॉलरमध्ये. मी रेंजवर जो नाच केला तो सगळ्या तुकडीने पाहिला!

पण आत्या, खरं सांगू? मला ते आवडलंय. आवाज कोरडा आहे, धक्का सरळ मनगटात येतो, आणि ते हातात नीट बसतं. फक्त नेम लागत नाही. रायफलीत माझा नंबर पहिल्या पाचात होता, इथे गोळ्या कागदाच्या चारी कोपऱ्यांना पाहुण्यासारख्या जाऊन येतात. अठ्ठावीस तारखेला परीक्षा आहे. पंधरा यार्डांवरून दहा गोळ्या, त्यातल्या सहा वर्तुळात हव्यात. तीन वेळा संधी मिळते. तिसऱ्यांदाही हुकलं तर मार्चच्या दीक्षांत संचलनात मी नाही, पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्यापासून. तसं मी होऊ देणार नाही, हे लिहून ठेव.

दादांना नमस्कार. तुझ्या रागासकट तुझी माया हवी आहे.
तुझी
उज्वला


नांदगावजवळून, मळ्यातून
१७ डिसेंबर २००२

चि. उजूस पुतळाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. अंगठ्याला हळद लावली का? डाक्टरची पट्टी राहू दे तिथंच, पण हळद लाव. दत्तूला सांगितलं नाय. तुझा बाप लगेच एष्टीत बसून निघंल आन् तुझ्या साहेबापुढं जाऊन रडंल.

पाखरागत एवढंसं हत्यार आन् तुला नेम लागंना? अगं, सात वर्षांची होतीस तवा पिकातल्या उंच माच्यावर उभी राहून गोफणीनं साळुंकी उडवायची. दगड कणसाला लागायचा नाय, पाखराच्या शेजारून जायचा, तुला तसाच पाहिजे असायचा. माझ्यापरीस तुझी गोफण सरस, हे मी गावात कुणापुढं कबूल केलं नाय, तुला आज सांगती. तुला शिकवलं काय होतं? हाताकडं बघायचं नाय. पाखराकडं बघायचं. डोळा जिथं, दगड तिथं. आता पिस्तुलाला नावं ठेवू नको, नाचता येईना अंगण वाकडं.

त्या कागदावरल्या गोलाकडं टक लावून बघ, पापणी हालवू नको, आन् सोड. लागतोय का नाय बघ.

इकडं सगळं ठीक हाय. ज्वारी खांद्याला लागली. परवा दत्तू बांधावरून हात करत होता, मी म्हटलं हे बुजगावणं कुणी उभं केलं? त्यो जवळ येऊन वरडला तवा कळलं. लय हसलो दोघं.

साक्षरतेच्या वर्गाला आता नवी बाई आली हाय. तिला माझं अक्षर दाखवलं, तर म्हणाली की मास्तरणीला लाजवंल असं हाय. तुला लिहायचं म्हणून गिरवून गिरवून झालंय ते, तिला काय ठाऊक.

जेवत जा. जीव तुझ्यापाशीच हाय, सांभाळून ठेव.
तुझी
पुतळाआत्या


॥ श्री ॥
नाशिक
१२ जानेवारी २००३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दोन परीक्षा झाल्या आणि दोन्ही हुकल्या. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं पत्र धडधडत वाचायला नको.

पहिल्या वेळी चार लागल्या. तेव्हा तुझं पत्र माझ्या वहीत होतं, पण उस्तादांचं ऐकू की तुझं ऐकू यात माझी त्रेधा उडाली. काल दुसरी होती. म्हटलं, ज्या बाईने नेम शिकवला तिचंच ऐकावं. गोलाकडे टक लावून बघितलं, पापणी हलवली नाही. दहापैकी दोन लागल्या. दोनच!

उस्ताद चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. मला बाजूला घेऊन म्हणाले की पिस्तुलाच्या पुढच्या टोकावर जो बारीक दाणा असतो, माशी म्हणतात तिला, नजर त्या माशीवर हवी. माशी लख्ख दिसली पाहिजे आणि समोरचा गोल धूसर. माझे डोळे कुठे बघतात ते उस्तादांना लांबूनही कळतं म्हणे. ऐन वेळी माशी सोडून गोलाकडे पळतात, आणि त्याच क्षणी हात हलतो. हे ते महिनाभर सांगतायत. मला कळतं, पाठ आहे, परीक्षेत लिहायला सांग, पैकीच्या पैकी मिळवीन. पण चाप ओढायची वेळ आली की डोळा पाखरू शोधायला निघतोच. लहानपणापासून त्याला दुसरं काही येतच नाही.

तुझ्यावर रुसले नाही. रुसले असते तर लिहिलं नसतं. पण रात्री उशीत तोंड खुपसून रडले, तेही तुझ्यापासून लपवत नाही. आठ फेब्रुवारीला शेवटची संधी आहे. इथली संध्या, माझ्या शेजारच्या खाटेवरची, म्हणते की पुढच्या तुकडीत राहिलीस तरी जगबुडी होत नाही. तिला मी सांगितलं की जगाचं मला माहीत नाही, मी मात्र राहणार नाही.

दादांना फक्त नमस्कार सांग, बाकी काही नको.
चुकले तरी तुझीच,
उज्वला


मळ्यातून
१९ जानेवारी २००३

चि. उजूस आशीर्वाद, आन् या वेळी माफी पण.

करायला गेले गणपती आन् झाला मारुती. गोफणीची अक्कल मी पिस्तुलाला जोडली. तुझे उस्ताद काय खुळे हायत व्हय? मी शहाणी निघाले मधीच. तुझं पत्र तीनदा वाचलं आन् तिन्ही येळा माझ्याच कानफटात मारावी वाटली. इथून पुढं त्यांचंच ऐक. म्हातारीचं ऐकायचं ते हळदीपुरतं.

संक्रांतीचा तिळगूळ संगं पाठवलाय, उस्तादांना पण दे. माझ्या नावानं दे आन् सांग की बाईला नेमातलं काय कळत नाय.

तुझ्यासाठी गोधडी शिवायला घेतली. नोकरीच्या गावाला थंडी कशी असंल कुणास ठाऊक. मागल्या सालापर्यंत सुई ओवायला गोजराबाईला हाक मारावी लागायची. ती शेजारीणच असली तरी तिचे नखरे लय. आता माझं म्हातारपण उलटं चाललंय बघ. चष्मा खुंटीला टांगला. सुई डोळ्यापुढं धरली की नेढं असं लख्ख दिसतं, आन् मागं दारात उभा दत्तू निसता धुराचा लोट. दोरा एका दमात आत! गोजराबाईला मुद्दाम बोलावून दाखवलं, जळून गेली.

ज्वारी हुरड्यात आली. यंदा माच्यावर मी चढत नाय. दत्तूनं पत्र्याचे डबे बांधलेत, वाऱ्यानं वाजत राहतात. माझी आन् पाखरांची आता दोस्ती झाली असं समज.

रडली असशील तर रडून झालं. आता उभी राहा.
तुझ्या पाठीशी हाय, पाठ मोडू देणार नाय.
पुतळाआत्या


॥ श्री ॥
नाशिक
२९ जानेवारी २००३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. उस्तादांनी खाल्ला आणि निरोप दिलाय की त्या बाईंना नेमातलं सगळं कळतं. का, ते आता वाच.

तुझं पत्र वाचता वाचता सुईपाशी मी थबकले. नेढं लख्ख, मागे दादा धुरासारखे. आत्या, उस्ताद महिनाभर जे ओरडतायत ते हेच! माशी लख्ख, गोल धूसर. मी उठून संध्याच्या डब्यातली सुई घेतली, खिडकीशी हात लांब करून धरली. मागे कडुलिंब आहे. आधी डोळा कडुलिंबाकडेच पळाला. परत सुईवर आणला. पुन्हा पळाला, पुन्हा आणला. आता रोज पहाटे कवायतीच्या आधी हेच चालू आहे. त्यानंतर रेंजवर उस्तादांसमोर रिकाम्या पिस्तुलावर एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. पहिल्या दिवशी नाणं वीस वेळा पडलं. काल एकदाच.

आता दुसरं, आणि हे वाचताना मुकाट बस. तुझं म्हातारपण उलटं वगैरे काही चाललेलं नाही. बांधावरचे दादा तुला बुजगावणं वाटले. ज्या माच्यावरून तू कुणाच्या सांगण्याने उतरत नव्हतीस तिथे आता डबे वाजतायत. तुला पाखरं दिसत नाहीत, आत्या. म्हणून चढत नाहीस. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. मोतीबिंदू पिकायला लागला की काही जणांना असं होतं म्हणाल्या. जवळचं काही दिवस बरं दिसतं, लांबचं जातं, आणि मग जवळचंही जातं. ऑपरेशन केलं तर दिसेल.

वीस फेब्रुवारीला मनमाडला डोळ्यांचं शिबीर आहे. मी दादांना वेगळं पत्र टाकलंय, तेव्हा आता लपवून उपयोग नाही. मार्चमध्ये मी मैदानावर चालत असताना मला धुराचा लोट म्हणून बघणार आहेस का?

उत्तर लगेच दे. रागावलीस तरी चालेल, पण दे.
तुझी हट्टी
उज्वला


मळ्यातून (कार्ड)
३ फेब्रुवारी २००३

चि. उजूस आशीर्वाद.

चोंबडी. बापाला कळवलंस. त्यो दोन दिस जेवला नाय.

डोळ्याला सुरी लावायचं नाव काढलं तरी मी घोंगडी डोक्यावरनं ओढून घेती. इंचू निघाला तर मी चपलेनं मारते, पण हे नाय. तू आधी पास हो. मग बघू.

पुतळाआत्या


॥ श्री ॥
नाशिक
९ फेब्रुवारी २००३

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

झाले. आता बघ!

आठ लागल्या. दहापैकी आठ वर्तुळात, एक काठावर आणि एक कुठे गेली ते देवाला ठाऊक. काल सकाळी धुकं होतं, गोल आधीच पुसट दिसत होता. माझ्या आधीच्या मुली कुरकुरत होत्या. मी म्हटलं, बरं झालं, डोळ्याला तिकडे पळून जाण्यासारखं काही उरलंच नाही. हात वर केला. माशी नेढ्यासारखी समोर आणली. कुठली गोळी कधी सुटली मला कळलं नाही, आणि उस्ताद म्हणतात तसंच सुटायला हवं. पुंगळी पुन्हा कॉलरमध्ये गेली. या वेळी हलले नाही. मानेवर डाग आहे, दाखवीन.

कागद मोजून झाल्यावर उस्तादांनी पाठीवर जी थाप मारली ती पिस्तुलाच्या धक्क्यापेक्षा जोराची होती. संध्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडली. मी मात्र तिथेच मातीत बसले आणि तुझं कार्ड खिशातून काढून पुन्हा वाचलं. भिऊन भिऊन मी तीनदा उभी राहिले, आत्या. तुला एकदाच झोपायचं आहे, तेही उताणं, आणि दादा शेजारी असतील.

पंधरा मार्चला संचलन आहे. तिसऱ्या ओळीत, उजवीकडून दुसरी मी. हे मी तुला तिथे येऊन सांगणार नाही. तूच ओळखायचं.

शब्दाला जागणाऱ्या बाईची भाची,
उज्वला


मळ्यातून
१ मार्च २००३

चि. उजूस आशीर्वाद.

हे पत्र दत्तू लिहितोय, मी सांगती तसं. मधी त्याच्या मनाचं काय घातलं तर मला कळणार नाय, म्हणून त्याला तुझी शपथ घातली हाय.

केलं गं बाई. मनमाडला टेबलावर झोपले तवा दत्तूचा हात असा धरला की त्याच्या बोटांना वळ उठले. डाक्टर म्हणाला, आजी, हालू नका. मी म्हटलं, माझी भाची गरम पुंगळी कॉलरात घेऊन हालत नाय, मी काय हालते! त्याला काय कळलं नाय, पण हसला.

काल हिरवी पट्टी काढली. काळा चष्मा लावून अंगणात बसले. दत्तू बांधावर उभा होता. मी हितनं वरडून सांगितलं की सदऱ्याचं तिसरं बटण तुटलंय तुझ्या. त्यो तिथंच खाली बसून रडायला लागला. हे लिहिताना बी रडतोय, शाई फुटली तर समजून घे. बाभळीच्या शेंड्यावर साळुंकी बसली होती, उजे. तिचा पिवळा डोळा दिसला मला.

पंधरा तारखेला पहिल्या एष्टीनं येतो दोघं. तिसरी ओळ, उजवीकडून दुसरी. सांगायची गरज नव्हती.

गोधडी मातुर आर्धीच राहिली. पाखरू दिसतं, पर जवळचा नवा चष्मा मिळंपतुर सुईचं नेढं आता दिसत नाय. गोजराबाईला हाक मारणार नाय, तिला जिंकू द्यायचं नाय. गोधडी तशीच पिशवीत घालून आणती. तू वर्दीतच बस जरा माझ्यापाशी, आन् दोरा ओवून दे.

वाट बघणारी, आता खरंच बघणारी,
पुतळाआत्या