मिनिटाला दहा पौंडांचं मौन

कोल्डक्लफ, लँकशायर
मार्चमधला शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप म्युरिएल मावशीस,

गेनरचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होते, पण पाळणाघरातल्या बुटक्या खुर्च्यांनी कमरेची पार वाट लावली आहे, उभ्याउभ्याच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? पोपट बोलायला लागला का? इकडे आम्ही मजेत आहोत, कशाची म्हणून उणीव नाही, तेव्हा हे पत्र काही मागण्यासाठी लिहिलंय असा संशय मनात आणू नकोस.

ख्रिसमसला तू म्हणाली होतीस की सरकार पोरांना एवढे तास फुकट देतंय, म्हणजे तुझं पाळणाघर जोरात असणार. जोरात आहेच! पाय ठेवायला जागा नाही. आता दात न आलेल्यांनाही फुकट तास मिळतात, त्यामुळे दारात रांगणाऱ्यांची रांग लागली आहे. फक्त एका तासाचे म्हणून सरकार जे आमच्या हातावर ठेवतं, त्यात त्या तासाचा पगार, गॅस आणि चॅपलच्या हॉलचं भाडं काही बसत नाही. म्हणजे पोर जितकं जास्त थांबेल, तितके आम्ही खड्ड्यात. पूर्वी ही खोट फीमधून भरून निघायची. आता फी भरणारं जवळजवळ कोणी उरलंच नाही. जेवणाचे पैसे मागता येतात, पण सक्ती करायची नाही. म्हणून मी दारावर साखरेत घोळवलेली पाटी लावली, की दुपारच्या जेवणासाठी पालकांनी स्वेच्छेने काही द्यावं.

ती पाटी नेमकी एन्टविसल आजोबांनी वाचली. हे आमच्या छोट्या मार्थाचे आजोबा. जन्मभर बस चालवली, त्यामुळे आवाज असा की मागच्या सीटवर झोपलेलाही उठून उतरावा.

"स्वेच्छेने म्हणजे माझ्या इच्छेने ना?" ते दारातच गरजले. "मग नाही माझी इच्छा! फुकट म्हणजे फुकट."

त्यांच्या मागे रांगेत ज्या आईमंडळींनी पर्स उघडल्या होत्या, त्यांनी त्या हळूच मिटल्या.

त्याच आठवड्यात डेझमंडने (तुझा भाचेजावई अजूनही बेरीज करताना जीभ बाहेर काढतो) हिशेब मांडून सांगितलं, की ईस्टरला तान्ह्यांची खोली बंद करावी लागेल. म्हणजे केलीला घरी बसवायचं. मावशी, ही केली एक बाळ काखेत, दुसरं खांद्यावर आणि तिसरं पायाने झुलवत चौथ्याचं नाक पुसते (कुठल्या हाताने, ते मला आजवर कळलेलं नाही). तिला सांगायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नुसता चहा पिऊन परत आले.

त्यावर तोडगा केलीनेच काढला. बिचारीला आपल्या नोकरीचं काहीच ठाऊक नव्हतं. म्हणाली, नव्या खेळण्यांसाठी मुलांचं मौन ठेवू या! सगळी मुलं जितकी मिनिटं गप्प बसतील, त्या हिशेबाने लोकांनी पैसे द्यायचे. एकानं जरी तोंड उघडलं की खेळ खलास. गावाने हसत हसत नावं दिली, कारण आमच्या पोरांना सगळे ओळखून आहेत. एन्टविसल आजोबा तर फुशारून म्हणाले, "मिनिटाला दहा पौंड! पण घड्याळ मी धरणार. तुम्हा बायकांचा भरवसा नाही."

शुक्रवारी ते घड्याळ घेऊन एका बुटक्या खुर्चीत रुतून बसले. केलीने हात वर केला, आणि तेवढ्यात आमचा रॅल्फ रांगत निघाला. रॅल्फ हे आमचं रडकं रत्न. तो सुरू झाला की शेजारचा खाटीक दुकानाचं दार लावून घेतो. तो आला तो थेट आजोबांच्या पँटला लोंबकळला. पँट वाचवण्यासाठी त्यांनी त्याला उचललं, तर पठ्ठ्या त्यांच्या स्वेटरमध्ये नाक खुपसून ढाराढूर!

आमच्या पोरांना बायबलातल्या दहापैकी एकही आज्ञा ठाऊक नाही, पण एक गोष्ट त्यांच्या हाडीमाशी मुरली आहे: झोपलेल्या रॅल्फला उठवायचं नाही. सगळी जागच्या जागी चिडीचूप. मिनिटं सरायला लागली. आजोबांची नजर घड्याळावर, चेहरा बीटासारखा लाल. नुसते खाकरले असते तरी सुटका होती. मला तो खोकला घशाशी आलेला दिसला. डोळ्यांत पाणी आलं, मान थरथरली, आणि त्यांनी तो गिळला! मग पोस्टमन पार्सल घेऊन आत आला, तर आजोबांनीच ओठांवर बोट ठेवून असे डोळे वटारले, की तो बिचारा पार्सलसकट चवड्यांवर माघारी गेला.

अर्धा तास होत आला, तेव्हा मार्था उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "आजोबा, मला शी आली!" (घराण्याचा आवाज.) रॅल्फ जागा झाला. खाटकाचं दार लागल्याचं ऐकू आलं.

मी आजोबांना म्हटलं, "आजोबा, थट्टेतली गोष्ट ती. एक-दोन मिनिटांचे द्या, पुष्कळ झाले."

"थट्टा?" ते कडाडले. "या पोराला आजवर इतका वेळ कोणी झोपवलंय? नाव सांग!"

त्यांनी पै न् पै मोजली, आणि मग बाकीच्या गावालाही चरफडत मोजावी लागली. तान्ह्यांची खोली उन्हाळ्यापर्यंत तरली, पुढचं पुढे. केलीला अजून वाटतं की ते पैसे नव्या खेळण्यांसाठी होते, आणि ती माझ्यामागे झोपाळ्याचा लकडा लावून बसली आहे. आजोबा रोज दुपारी रॅल्फला झोपवायला येतात. जेवणाचे पैसे अजूनही देत नाहीत. उलट मुलांच्या पंगतीला बसून खिम्याची पेस्ट्री दोनदा वाढून घेतात. पण तान्ह्यांच्या खोलीतून त्यांचं आणि रॅल्फचं घोरणं एकत्र ऐकू येतं ना, तेव्हा माझा जीव कसा सुपाएवढा होतो.

तुझी भाची,
गेनर

ता. क. खिम्याच्या पेस्ट्रीवरून आठवलं. आमची स्वयंपाकीण जास्त पगारावर दुसरीकडे गेली. सध्या डेझमंड रांधतो. पोरं मौन पाळतात ती आता जेवतानाच. तू हॉस्पिटलच्या भटारखान्यात इतकी वर्षं काढलीस. चार दिवस हवापालटाला येशील का? पगाराचं तेवढं विचारू नकोस.

ता. क. दुसरा. नीट विचार कर, घाई नाही. मंगळवारच्या गाडीचं तिकीट सोबत जोडलं आहे. ते परत होत नाही.