घटाशेजारचा गोळा

माळवाडी, जि. सातारा
१९ सप्टेंबर २०२५

चि. नाथाजीस राहीआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोफांनी तुझे कान नेले. फोनवर मी घसा फोडून विचारते एक आणि तू सांगतोस भलतंच, म्हणून आपलं पत्रच बरं. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं राणीने कळवलं. आता सुनेचं ऐक. काठीशिवाय परसात जाऊन दाखवायची हौस पुरे झाली.

माझं संग्रहालय छान चाललंय. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी गावच्या फौजींचं मोडकंतोडकं गोळा करायला घेतलं, म्हणून गाव हसत होतं. आता तेच गाव पाहुण्यांना दाखवायला घेऊन येतं. औंधचं संग्रहालय बघून परतणारे लोकही वाट वाकडी करून आमच्याकडे डोकावतात. मोठ्या शहरांत सगळं काचेमागे असतं. इथे जुन्या तालमीची खोली हेच संग्रहालय, आणि तिच्यावर मी पाटीच लावली आहे, ‘हात लावून बघा’. पोरं फौजी बूट घालून खोलीभर फिरतात, बायका लोकरीच्या टोप्या नाकाशी धरून बघतात. फौजेत गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावला की माणूस जवळचा वाटतो, असं मला वाटतं.

सगळ्यांचा लाडका आहे तो तालमीशेजारच्या आप्पासोंनी दिलेला तोफेचा गोळा. त्यांच्या वडिलांनी लढाईवरून ट्रंकेत कपड्यांखाली घालून आणलेला. टोकाला पितळेची टोपी, बुडाशी तांब्याची पट्टी, आणि पट्टीवर तिरप्या रेघांची इतकी सुबक नक्षी की पोरं कागद धरून पेन्सिलीने तिचे छाप घेतात. मी तो चिंचेने घासून लख्ख ठेवते.

आमचा एक नियम तुला ठाऊक आहे. ज्याने वस्तू दिली त्याने ती नवरात्रात घरी न्यावी, देवापुढे शस्त्र मांडायची त्याच्या घरची रीत मोडू नये. आप्पासो सोमवारी गोळा नेऊन घटाशेजारी मांडतील आणि खंडेनवमीची पूजा झाली की परत आणतील. तू गनर होतास. त्या नक्षीबद्दल दोन ओळी लिहून पाठव, पाटीवर लावते.

गुडघ्याला जप, आणि म्हाताऱ्या बहिणीवर माया असू दे.

तुझी,
राहीआक्का


इस्लामपूर, जि. सांगली
२६ सप्टेंबर २०२५, सकाळ

ती. राहीआक्कास नाथाजीचा सा. न. वि. वि.

पत्र आत्ता हातात पडलं. राणी तुला फोनवर फोन लावतेय, लागत नाही. आप्पासोंचा नंबर आमच्यापाशी नाही. म्हणून हे पत्र सातारा गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. तो तुमच्याच बाजूचा आहे, फाट्यावर कुणाच्या तरी हाती देईन म्हणालाय. माझा पाय पट्ट्यांत बांधलेला आहे, नाहीतर मीच गाडीत बसलो असतो.

आक्का, ती नक्षी नाही. तोफेच्या नळीला आतून आटे असतात. गोळा सुटताना त्यांचे वळ तांब्याच्या पट्टीवर उठतात. म्हणजे हा गोळा तोफेतून सुटलाय, आणि फुटलेला नाही. टोपी जागेवर आहे म्हणजे आतली दारूही आत आहे असंच धरून चालायचं. इतकी वर्षं काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, असं त्याचं नसतं. जुना होतो तसा तो जास्तच लहरी होतो.

त्याला कुणी हात लावायचा नाही. उचलायचा नाही, पुसायचा नाही, त्याच्यावर पाणी घालायचं नाही. घरातली माणसं आणि शेजारपाजार लांब न्या. आणि घटाशेजारी म्हणजे अखंड दिव्याशेजारीच ना गं? तो दिवा आधी बाजूला व्हायला पाहिजे. पोलिसांना राणी कळवतेय, त्यांना घर तू दाखव.

तू तो चिंचेने घासत होतीस, ते वाचल्या वाचल्या हे खरडलंय. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच, पण आधी पळ.

तुझा,
नाथाजी


माळवाडी
२६ सप्टेंबर २०२५, दुपार

चि. नाथाजीस आशीर्वाद.

आप्पासोंचं घर आणि शेजारची तालीम यांच्यासमोर, रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली बसून लिहितेय. हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर मी ओरडेन. बॉम्बनाशक पथक निघालंय, अंधार पडायच्या आत पोचतं, असं पोलिसांनी कळवलं.

तुझी चिठ्ठी मिळाली तशी मी धावत गेले. आप्पासो जागचे हलेनात. म्हणाले, आवं बाई, आमच्या बापानं आणलाय त्यो, आमी देव म्हणून पुजला, त्यो आमास्नी कसा खाईल? घट उठल्याशिवाय हलवायचा न्हाई म्हंजे न्हाई. हलवायचा नाही हे तर मलाही हवं होतं, पण दिवा गोळ्याला जवळजवळ टेकलेला होता. समईचं तेल ओघळून गोळ्याखालच्या लाल कापडापर्यंत गेलेलं. दिवा विझवायचं नाव काढताच आप्पासो दारात आडवे झाले.

शेवटी त्यांची सून पूजा म्हणाली, दिव्यावरनं दिवा लावला तर जोत तीच ऱ्हाती की मामंजी. तेव्हा कुठे ते दारातून बाजूला झाले. ती पुढे निघाली, पण तिचं बाळ कडेवर होतं. मी तिला बाहेर काढलं. हातातल्या बांगड्या वर सारून रुमालाने आवळून बांधल्या, त्यांचा धक्का लागेल ही भीती. निरांजन पुढे करून समईवरून जोत घेतली, ओसरीवर नेऊन ठेवली आणि परत आत गेले. समई विझवायला गोळ्यावरूनच हात न्यावा लागला. नाथा, ज्याला मी लेकरासारखं घासलं-पुसलं, त्याच्याकडे बघायची मला हिंमत होईना. वात चिमटीत धरली, बोट भाजलं, पण तोंडातून आवाज काढला नाही. श्वाससुद्धा बाहेर आल्यावर घेतला.

आता घर रिकामं आहे. आप्पासो निरांजन पदराआड धरावं तसं धोतराच्या सोग्याआड धरून माझ्याशेजारी बसलेत. मला सारखी ती पोरं दिसतायत, त्या पट्टीवर कागद दाबून पेन्सिल घासणारी. गाडीचा आवाज येतोय.

राही


माळवाडी
२९ सप्टेंबर २०२५

चि. नाथाजीस अनेक आशीर्वाद.

सगळे सुखरूप आहेत, हे राणीने सांगितलंच असेल. बाकीचं मी सांगते.

पथकाने त्याच संध्याकाळी वाळूच्या पोत्यांत बसवून गोळा उडवायला गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत नेला. त्यांच्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं, की आत काही नसेल तर आम्ही त्याला लावलेल्या दारूचा तेवढा बार होईल, फटाक्यापेक्षा मोठा नाही. आप्पासो मान हलवत होते, तसंच होणार म्हणून. आणि मग असा दणका झाला की पायाखालची जमीन हलली आणि संग्रहालयाच्या खिडकीची तावदानं खळ्ळकन खाली आली. धूर किती तरी वेळ खाणीवर होता.

आप्पासो मटकन खाली बसले. निरांजन तेवढं सावरलं. पूजा घरात जाऊन बघते तर देव्हाऱ्यासमोर तिच्या बाळाचा पाळणा बांधलेला, तो तिला जणू पहिल्यांदाच दिसला. तिथे उभी राहून ती जी रडायला लागली ती आवरेना. मी तिला पोटाशी धरलं, पण माझं मलाच आवरत नव्हतं.

ती पाटी मी काढून ठेवली. खोलीला कुलूप लावलंय. काल उघडायला गेले आणि दारातूनच परतले. लोकांनी आणून दिलेल्या ट्रंकांत काय आहे, त्या डब्यांत काय आहे, मला काय ठाऊक? ज्या खोलीत मी चार माणसांना बोलावून आणलं, तिथे मला आत जायची भीती वाटते. लोकांना आता औंधलाच जाऊ दे. आप्पासो येऊन लाल कापड देऊन गेले, गोळ्याच्या जागी ठेवा म्हणाले. ते माझ्याच घरी पडलंय.

काय करू ते लिही. तुझ्याशिवाय विचारायला कोण आहे मला?

राहीआक्का


इस्लामपूर
३ ऑक्टोबर २०२५

ती. राहीआक्कास सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं या पाकिटात घातलंय, वाळलं तरी सोनंच समज.

तुझं पत्र राणीला मोठ्याने वाचायला लावलं. मला ऐकू येत नाही, तरी लावलं. तिचं तोंड बघून कळत होतं कुठला भाग चाललाय ते. आक्का, गनर मी, आणि समईवर हात तू नेलास.

संग्रहालय बंद करायचं नाही. पुढच्या सोमवारी डॉक्टर टाके काढतात, त्यानंतर राणी मला गाडीने आणून सोडते. काठी घेऊन येतो, खूश? एकेक ट्रंक, एकेक डबा आधी मी बघणार. शंका आली तर पथकाला बोलावू. मग तुझी पाटी तू लाव. लाल कापड त्याच्या जागी घाल, आप्पासोंना पुढच्या नवरात्रात न्यायला काहीतरी पाहिजे ना.

मी आत असेन तोवर तू रस्त्यापलीकडे बसायचंस, त्या चिंचेखाली. मी हाक मारली तरी आत यायचं नाही. आणि तू हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही, म्हणून दार सताड उघडं ठेव. अधूनमधून मान वर करून बघेन, तू दिसलीस की पुढचा डबा उघडेन.

तुझ्या मायेवरच चाललंय, ती कमी करू नकोस.

तुझा,
नाथाजी