शू म्हणजे कोबी

ती. आत्यास,

नमस्कार. उजवा गुडघा आता जिना चढू देतो का? काकांचा खोकला गेला का? मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि मधल्या वेळात काळजी करते.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ‘कोबी म्हणजे लेत्यू’ हे वर्गाकडून अगदी तुझ्याच चालीवर पाठ करून घेतलं. ते चूक आहे. पाठ करून घेतलं हे खरं, चाल तुझीच हेही खरं. पण लेत्यू म्हणजे कोबी नव्हे, सॅलडची पानं. कोबीला फ्रेंचमध्ये ‘शू’ म्हणतात. (हो, शू. तीन शब्दकोशांत पाहिलं. तिसरा उघडताना थोडी आशा होती.) स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून तू मला जेवढं फ्रेंच शिकवलंस, त्यात हा एकच शब्द चुकीचा निघाला आणि धड्यात नेमका तोच आला.

धडा आहे ‘आमच्या घरचा जुना पदार्थ’. दुसरीच्या मुलांनी घरात पूर्वीपासून होत आलेला एक पदार्थ फ्रेंचमध्ये सांगायचा, आधी वर्गात आणि मग आजी-आजोबांना बोलावून त्यांच्यासमोर. एकाने बिस्किटं सांगितली. म्हटलं, अरे, निदान दोन पिढ्या तरी हव्यात. तर म्हणाला, “मग बसतं बाई, आजोबापण पुड्यातलीच खातात.” दुसरी एक मुलगी आहे, स्वेटरचं वरचं बटण पिळत बोलते (मी तिला मनात ‘बटण’ म्हणते, मोठ्याने कधीच नाही). तिचा पदार्थ म्हणजे आजीच्या हातचं कोबीचं सूप.

दुसरी कोणी असती तर तिने गुपचूप शब्द बदलला असता. मी वर्गासमोर माफी मागितली आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: शू म्हणजे कोबी. पुढची दहा मिनिटं तो वर्ग नव्हता, बाजार होता. “बाई, मला कोबी लागलीये, जाऊ?” असं पाच जणांनी विचारलं, त्यातले दोघे खरोखर जाऊन आले. शेवटी मी कडक झाले. म्हटलं, आजपासून या वर्गात शू ही फक्त भाजी.

मग बटण उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, शू.”

आत्या, न हसता तो शब्द म्हणणारी ती पहिलीच, म्हणून मला इतका आनंद झाला! म्हटलं, शाबास, आता पूर्ण वाक्यात सांग. ती पोर आज्ञाधारक. पायावर पाय ठेवून, बटण पिळत तिने सुरुवात केली, “मा ग्राँमेर...” आणि अडली. मी पुढचं सांगितलं. (मी सांगितलं!) “फे ला सूप ओ शू.” आजी कोबीचं सूप करते. वाक्य पूर्ण झालं, उच्चारही सुरेख होता. पण तेवढ्यात बाकीचंही होऊन गेलं होतं.

मी माझी पाण्याची भरलेली बाटली घेऊन तिच्या बाकाशी गेले आणि “अरेच्चा!” म्हणून सांडली. (“अरेच्चा” जरा लवकर म्हटलं गेलं.) मुलांनी मला धांदरट ठरवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सांगितलं की बाटलीला झाकण असतं. मी हो म्हटलं. शिपाईमावशींनी लादी पुसली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसली.

तेव्हापासून बटण फ्रेंचचा एक शब्द उच्चारत नाही. आणि काल फाटकाशी तिची आजी भेटली. म्हणाली, “बाई, आठ दिवस झाले, पोर माझ्या सूपाला शिवत नाही हो. माझं काही चुकलं का, तेवढं विचारून बघा तिला.” लोकांचे स्वल्पविराम सुधारणारी मी, पण मला तिथे “तुमचं नाही, माझं चुकलं” एवढंही म्हणता आलं नाही.

बाकी सर्व ठीक. काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. हे लिहिणार नव्हते. लेत्यूची गंमत बाबांना सांगितली. वाटलं, हसतील. त्यांनी उलट सगळं सांगितलं. तू पंधरा वर्षांची होतीस, तोंडी परीक्षा होती, घरी काय शिजतं असा प्रश्न होता. तू “ओ शू” म्हणालीस, तुला हसू फुटलं, ते आवरेना आणि व्हायचं ते झालं. घरी आलीस ती पुन्हा परीक्षेला गेलीच नाहीस. आत्या, मला वाटत होतं, तो शब्द तुला येत नसावा. तुला तर तो नको इतका येत होता.

ता. क. २. म्हणून विचारते, हे मी वर्गाला सांगू का? बटणाचं काही बोलणार नाही, फक्त तुझं. तुझं नावही घेणार नाही, ‘माझ्या ओळखीची एक मुलगी’ म्हणेन. (हे खोटं ठरत नाही ना?) आणि हेही सांगेन की पुढे त्याच मुलीने मला फ्रेंच शिकवलं, एक शब्द सोडून सगळं बरोबर.

ता. क. ३. पत्र आज, बुधवारी टाकते आहे. तुला शनिवारी मिळेल. तू “नको” लिहिलंस तरी रविवारी टपाल निघत नाही, आणि फोनला तू हात लावत नाहीस. मी हे सगळं आधी पाहून ठेवलं आहे, त्याबद्दल क्षमा कर. सोमवारी, नऊ तारखेला, पहिल्या तासाला, हजेरी झाली की सांगणार.