पाठीवरचा जांभळा चौकोन

मुक्काम चौल,
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १८८३

रा. रा. अनंता भावोजी यांस,

भागोजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे खरोखरचा. पाठीवर निजायची बंदी असल्यामुळे हल्ली मी पालथाच असतो.) ताईची कंबर कशी आहे? तुमची पाळी दिवसाची झाली की अजून रात्रीचीच? इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे काय ठीक आहे ते मला नीटसं कळलेलं नाही, पण पत्रात असं लिहायचं असतं.

दिवाळीसाठी इस्पितळाने मला चार दिवसांची रजा दिली तेव्हा तुम्ही भाऊच्या धक्क्यावर पोचवायला आला होतात. लाँच रेवसला लागली, पुढे एस.टी.ने चौलला उतरलो आणि घोटाळा तिथूनच सुरू झाला. दर शुक्रवारच्या त्या इंजेक्शनाने माझे केस गेले, मिशीही गेली, हे तुम्हाला रोज बघून सवयीचं झालं. गावाला ते ठाऊक नव्हतं. डोकं तुळतुळीत, मिशी साफ, म्हणजे घरात कोणी गेलं, एवढाच अर्थ इथे निघतो. मी घरी पोचायच्या आत आळीतली चार माणसं पडल्या चेहऱ्याने ओट्यावर बसली होती आणि जिच्यासाठी बसली होती ती आमची आई त्यांना चहा देत होती. तिलाही कळेना की कोण गेलं. शेवटी तीही रडायला लागली.

आता मुद्द्याचं. आईला मी आजाराचं खरं नाव सांगितलेलं नाही. गजकर्ण आहे म्हटलंय. (मलाही ते नाव नीट घेता येत नाही. चामडीचा कर्करोग, त्यातही लाखात एखाद्याला होणारा. आजवर लाखात एक असं माझं काही नव्हतं.) तर गाठ कापल्यावर डॉक्टरांनी व्रणाभोवती जांभळ्या शाईने चौकोन काढला, तो तुम्ही समोर उभं राहून पाहिलात. रोज त्या चौकोनावरच यंत्राचा प्रकाश सोडतात. प्रकाश म्हणतात, पण दिसत नाही, चटकाही बसत नाही; मी नुसता पडून गुरगुर ऐकतो आणि उठतो. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाबा, काहीही कर, ही खूण पुसू देऊ नकोस.

पहिल्या आंघोळीला आईने कारीट फोडायला लावलं, पाटावर बसवलं आणि तेल-उटणं घेऊन माझी पाठ धरली. तिला अंधुकच दिसतं. मुंबईचा मळ आहे म्हणत तिने तो चौकोन नारळाच्या काथ्याने घासघासून काढला. मी ओरडायला हवं होतं, हे मान्य. पण ओरडलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू का, सत्तेचाळीस वर्षांचा झालो, इतक्या वर्षांत कोणी माझ्या पाठीवरून असा हात फिरवला नव्हता. मी डोळे मिटून बसलो.

मग शोध सुरू झाला. व्रण आहे, पण चौकोन त्याच्याभोवती सारखा नव्हता, एका अंगाला सरकलेला होता. कुठल्या, ते मी कसं सांगणार? माझी पाठ मी जन्मात पाहिलेली नाही. आमची राही म्हणते, काखेकडे होता. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा काळूराम, म्हणतो, मानेकडे. काळूराम रेवदंड्याला होड्यांवर नावं रंगवतो, त्यामुळे त्याच्या मताला घरात वजन आहे. त्याने गेरूने दोन्ही चौकोन काढून दिले (तेलरंग आणला होता, राहीने हाकलला) आणि म्हणाला, डॉक्टरांना पटेल तो घेतील. भाऊबीज होऊन तीन दिवस झाले, रजा संपली आणि मी दोन चौकोन घेऊन इथेच पालथा पडलो आहे.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भागोजी

ता. क. एक काम होतं. इस्पितळाचं यंत्र बिघडलंय, शिमग्यापर्यंत येऊ नये, असं एक कार्ड राहीला दाखवण्यापुरतं पाठवा. चौकोनाचं निमित्त आहे, भावोजी. मला भीती वाटते. त्या खोलीत दार लावून सगळे बाहेर जातात आणि मी एकटा राहतो. मला परत यायचं नाही.

दुसरा ता. क. कार्ड पाठवू नका. हे पत्र टपालात टाकायला दिलं होतं, ते काळूरामने ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. आई सुपाऱ्या सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, रडली नाही. हात धुऊन आली आणि माझा सदरा वर केला. म्हणाली, “मीच धुतलाय न्हवं? माज्या हाताला ठाव हाय. काखंकडं चार बोटं, खाली दोन.” आता पाठीवर तीन चौकोन आहेत. रविवारच्या लाँचने आम्ही दोघं निघतो आहोत. डॉक्टरांना तीच सांगणार आहे, आणि त्या खोलीच्या दाराबाहेर तीच बसणार आहे. तिच्यासाठी एक चटई काढून ठेवा. जाड असू द्या, मला बरं करूनच परत जाईन म्हणते.